अलास्का क्रूझ: स्कॅग्वेला एक दिवस, आईबाबांना ट्रेनने न्यावं का कॅनडातल्या युकॉनच्या बसने? सल्ला हवाय

पोहे_विथ_लिंबू

नमस्कार मंडळी, तीन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सिअॅटलहून सात दिवसांची अलास्का क्रूझ बुक केलीये. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि कर्जतहून आलेले माझे आईबाबा. ज्युनो, स्कॅग्वे, केचिकन आणि परतताना व्हिक्टोरिया. ज्युनोला ग्लेशियर बघायचंय, केचिकनला नुसतं भटकायचं, त्यात काही प्रश्न नाही. घोडं अडलंय ते स्कॅग्वेला. बोट सकाळी सातला लागते आणि रात्री आठला सुटते म्हणजे अख्खा दिवस हातात आहे आणि घरात पाच माणसं, सहा मतं.

बाबा ७२. रेल्वेत गार्ड होते, अर्धी नोकरी कर्जत-लोणावळा घाटात गेली, त्यामुळे तिथे डोंगरात जुनी छोटी ट्रेन आहे कळल्यापासून दुसरं काही ऐकतच नाहीयेत. आई ६८, गुडघे दुखतात आणि गाडी लागते, खंडाळ्याच्या घाटात आजही लिंबू हुंगत बसते. मुलाला अस्वल बघायचंय. नवऱ्याला कुठल्यातरी हिरव्या तळ्याचा फोटो काढायचाय जे कॅनडात आहे. मला फक्त कुणी आजारी न पडता आणि बोट न चुकता परत यायचंय.

तर ट्रेनने व्हाइट पास खिंडीपर्यंत जाऊन यावं, का बसने युकॉनपर्यंत जावं, का दोन्ही? आणि बोटीकडूनच बुक करावं का बाहेरून? सविस्तर सांगा प्लीज.

उंडगा_गणू

ट्रेन. विषय संपला.

नाना_पावसाळे

गणू, विषय संपला म्हणून कसं चालेल, ताईंनी सविस्तर विचारलंय.

ताई, मी सिअॅटलजवळ राहतो, कुणी ना कुणी पाहुणा आला की आमची अलास्का वारी ठरलेली, स्कॅग्वे चारदा झालंय. ट्रेन म्हणजे व्हाइट पास अँड युकॉन रूट. १८९८ ला काम सुरू झालं आणि १९०० च्या जुलैत संपलं, तेही सोन्याच्या नादाने. तिकडे आत युकॉनमधल्या क्लोंडाइकला १८९६ मध्ये सोनं सापडलं, जग धावत सुटलं, आणि रेल्वे तयार होईपर्यंत सोन्याची धामधूम जवळपास ओसरली होती. पुढे खाणींचा माल वाहून गाडी जगली, १९८२ ला बंद पडली, १९८८ ला क्रूझवाल्या पब्लिकसाठी परत सुरू झाली. रूळ ३ फुटी आहेत, म्हणजे माथेरानच्या २ फुटीपेक्षा रुंद पण आपल्या नेहमीच्या गाडीपेक्षा बरेच अरुंद. बंदरापासून निघते आणि साधारण २० मैलांत जवळजवळ ३ हजार फूट चढते. चढ ३.९ टक्क्यांपर्यंत. बाबांना सांगा, २६ ला १ पडतो (२६ फुटांत १ फूट चढ), ते लगेच बोर घाटाशी तुलना करतील बघा.

आता माझा सल्ला. खिंडीपर्यंत जाऊन-येऊन ट्रेन पावणेतीन तासांची आहे, खाली उतरायचं नाही, सोपं काम. पण तुमच्याकडे अख्खा दिवस आहे तर वर बस आणि खाली ट्रेन असं घ्या. सकाळी बस क्लोंडाइक हायवेने वर जाते, कॅनडात शिरते, कारक्रॉस गाव आणि एमरल्ड लेक (तुमच्या यजमानांचं हिरवं तळं तेच) करून परत फ्रेझरला (कॅनडातलं स्टेशन) येते, आणि फ्रेझरहून तुम्ही ट्रेनमध्ये बसून खाली स्कॅग्वेला उतरता. सगळं मिळून सात-आठ तास. बहुतेक लोक उलटं करतात, वर ट्रेन खाली बस. पण आईंना गाडी लागते ना, मग बसचा भाग सकाळी उरकलेला बरा आणि दमल्यावर परतीला ट्रेन, तिचा वेग बैलगाडीचा, तिच्यात काही लागत नाही.

जागेचं मात्र लक्षात ठेवा. वर जाताना दरी डावीकडे असते म्हणून सगळीकडे 'डावीकडे बसा' असं लिहिलेलं सापडेल. तुम्ही खाली येणार, म्हणजे तुम्हाला उजवी बाजू. चुकून डावीकडे बसलात तर दीड तास कातळ बघत याल. आमच्या साडूंनी बघितलाय. अजून त्याचे टोमणे चालू आहेत.

डबा ठरवून दिलेला असतो, आतली जागा आपण पकडायची. प्रत्येक डब्यात टॉयलेट आहे, हे आईबाबांसाठी मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. डब्यांना तिथल्या नद्या-तळ्यांची नावं दिलीयेत आणि दोन्ही टोकांना उघडी बाल्कनी आहे, तिथे उभं राहून फोटो काढायचे. बाबा आत बसणारच नाहीत.

खारे_दाणे

मी थोडा विरोधी सूर लावते, राग मानू नका. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो होतो आणि ट्रेनमधून आम्हाला ढग दिसले. पांढरे. आधी ढग, मग बोगदा, मग परत ढग. गाईड माईकवर सांगतोय उजवीकडे अमुक धबधबा, डावीकडे तमुक कडा आणि आम्ही सगळे माना वळवून ढगांकडे बघतोय. माणशी दीडशे डॉलरच्या आसपास गेले. जुलैत हवा बरी असते म्हणतात पण हमी कुणीच देऊ शकत नाही, त्यामुळे 'आयुष्यात एकदाच' वगैरे अपेक्षा घेऊन जाऊ नका.

उलट दुपारी गावात फिरलो ते मला जास्त आवडलं आणि ते फुकट. जेमतेम हजारभर वस्तीचं गाव, लाकडी फूटपाथ, एका जुन्या हॉलची अख्खी दर्शनी भिंत समुद्रातून वाहून आलेल्या काटक्यांनी मढवलीये, ८,८०० हून जास्त काटक्या आहेत. आणि सोपी स्मिथ नावाच्या भामट्याची गोष्ट ऐकाच. त्याने १८९८ मध्ये गावात तार ऑफिस काढलं, लोक पाच-पाच डॉलर देऊन घरी तारा करायचे आणि तारेची वायर भिंतीतून बाहेर जाऊन तिथेच संपायची. स्कॅग्वेला खरी तार यायला १९०१ उजाडलं. शेवटी बंदरावर गोळीबारात मेला. गावाबाहेर सोनं शोधणाऱ्यांच्या काळातली दफनभूमी आहे, त्याची कबर तिथेच, मागे छान धबधबा. तुमच्या आईंचे गुडघे फारच दुखत असतील तर त्यांच्यासोबत कुणीतरी गावात थांबा, बाकीचे जाऊन या.

नाना_पावसाळे

खारे दाणे, ढगांचं खरंय. माझ्या चार फेऱ्यांपैकी एकदा असंच झालं होतं. पण म्हणूनच बस हवी, खिंड ओलांडली की पलीकडची हवा वेगळी असते. समुद्राकडचे ढग डोंगर अडवतो, पलीकडे कोरडं. आपल्याकडे महाबळेश्वरला धो धो आणि वाईच्या पुढे ऊन, तसंच.

मोरावळा

नानांना १०० मोदक. आम्ही नुसती बस केली होती, मिनीबस, पंचवीसेक माणसं, गेल्या वर्षी जूनमध्ये. मी तर म्हणेन ट्रेनपेक्षा पलीकडचा भाग भारी आहे कारण ट्रेनच्या दरीसारखी दरी आपण वरंधा घाटात पावसाळ्यात पाहिलेली असते (बर्फ सोडून), पण पलीकडे जे आहे तसलं आपण कधीच पाहिलेलं नसतं.

खिंडीनंतर एक पट्टा लागतो, त्याला टॉरमेंटेड व्हॅली म्हणतात. नुसता करडा गुळगुळीत कातळ, मध्ये मध्ये डबक्यासारखी शेकडो तळी आणि कमरेएवढी झाडं. ड्रायव्हर म्हणाला ही रोपं नाहीत, म्हातारी झाडं आहेत, वारा आणि बर्फ वाढूच देत नाही. खाली उतरून उभी राहिले तर काही म्हणजे काही आवाज नाही. पक्षी नाही गाडी नाही. माझ्या जावेने चिवड्याची पिशवी उघडली तर ती मला वीस फुटांवरून ऐकू आली.

मग तळी लागतात एकेक लांबच लांब, रस्त्याला चिकटून. कारक्रॉस गाव पिटुकलं आहे, मूळ नाव कॅरिबू क्रॉसिंग, तिथलं लोकल फर्स्ट नेशन (मूळ रहिवासी) कारक्रॉस-टॅगिश, त्यांच्या हातच्या कामाची दुकानं आहेत, घ्यायचं असेल तर तिथे घ्या, बंदरावर नको. या गावाशी बेनेट तळं संपतं. १८९८ च्या वसंतात सोन्यामागे लागलेल्या लोकांनी त्या तळ्याच्या वरच्या टोकाला झाडं तोडून होड्या बांधल्या आणि बर्फ फुटल्यावर सात हजारांवर होड्या एकदम सुटल्या, ते दृश्य कसं असेल विचार करा. गावाजवळ वाळूच्या टेकड्या आहेत, 'जगातलं सगळ्यात छोटं वाळवंट' अशी जाहिरात करतात, खरंतर जुन्या हिमनदीच्या तळ्याचा आटलेला तळ आहे तो. पोरं घसरगुंडी खेळतात, तुमचा लेक बुटात किलोभर वाळू घेऊन येणार हे गृहीत धरा.

एमरल्ड लेक रस्त्यावरूनच दिसतं, चालावं लागत नाही (आईंसाठी छान). तळाशी पांढरा चुनखडीचा गाळ आहे, त्यावरून ऊन परत येतं म्हणून तो रंग. ऊन नसेल तर आपलं साधं तळं, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा.

अस्वल! आम्हाला तीन दिसली, तिन्ही रस्त्याच्या कडेला बसून पिवळी फुलं खात होती, डँडेलियनची. इतक्या निवांत, जशी गाय रवंथ करते. गाडीतून उतरू देत नाहीत आणि उतरूही नये.

घड्याळजी

कुणी वेळेचं बोललंच नाही अजून! अलास्का आणि युकॉनमध्ये उन्हाळ्यात एक तासाचा फरक आहे, युकॉन पुढे. बोटीचं घड्याळ अलास्काचं. खिंडीच्या आसपास नेटवर्क नसतं, मग कारक्रॉसला रेंज आली की फोन आपोआप एक तास पुढे उडी मारतो. आमच्या ड्रायव्हरने सांगितलं पावणेबाराला बसपाशी या, मी आईस्क्रीमच्या लाईनीत उभा, फोनमध्ये बघितलं तर बारा चाळीस!! अंगावर काटा आला, बायकोला हाक मारली, आईस्क्रीम तसंच टाकलं, दोघं धावत सुटलो, मी एका चपलेत. बघतो तर बस जागेवर आणि ड्रायव्हर पायरीवर बसून सँडविच खातोय. म्हणे अजून पाच मिनिटं आहेत की. आईस्क्रीम गेलं ते गेलंच.

हाताला साधं घड्याळ बांधा. आणि कॅनडाचं रोमिंग नसेल तर फोन विमान मोडवर.

उंडगा_गणू

एका चपलेत 😂😂 काका, दुसरी मिळाली का?

घड्याळजी

मिळाली. तिच्यावरच आईस्क्रीम पडलं होतं.

पोहे_विथ_लिंबू

किती छान सांगताय सगळे! नानांचं 'वर बस खाली ट्रेन' आम्हाला पटलंय, बाबा तर म्हणाले चढायला काय, कुणीही चढेल, गाडी उतरवताना माणसाची परीक्षा असते, मला उतरतानाच बघायचीये. आता दोन शंका. एक, व्हिसा. आईबाबांचे भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा, आम्ही एच वन वर्क व्हिसावर. कॅनडाचे व्हिसा क्रूझसाठी काढलेच आहेत. अजून काही लागेल का? दुसरं, आईचं लिंबू न्यायला चालेल का बॉर्डरवर? (हसू नका, सीरियस प्रश्न आहे.)

कागदपत्रे_वाल्या_काकू

व्हिसा काढलेत ते बरं केलंत. इतरांसाठी लिहिते, भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा लागतोच, ग्रीन कार्डवाल्यांना नको पण त्यांनी पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवायचं. सिअॅटलहून निघणाऱ्या क्रूझ रात्री उगाच दोन-चार तास व्हिक्टोरियाला थांबतात त्यामागे १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीला मध्ये एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणजे स्कॅग्वेला तुम्ही गावातच बसलात तरी कॅनडा काही सुटत नाही.

तुमचा दोनदा कॅनडा होणार, एकदा फ्रेझरला, एकदा व्हिक्टोरियाला, तर व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का ते बघून घ्या, आणि आईबाबांचा अमेरिकेचा पण मल्टिपल असायला हवा. मूळ पासपोर्ट बरोबर घ्या, फोटोकॉपी किंवा फोनमधला फोटो चालत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका जोडप्याने पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवले आणि बसपाशी आल्यावर आठवलं, ती बस त्यांच्याविना गेली आणि पैसेही गेले. नुसती खिंडीपर्यंत जाऊन येणारी ट्रेन घेतली तर पासपोर्ट लागत नाही, कारण कुणी उतरतच नाही.

लिंबाचं म्हणाल तर नको. ताजी फळं बोटीवरून खाली उतरवूच देत नाहीत. आलेपाक न्या, पॅकबंद असेल तर कुणी काही म्हणत नाही. गोळी द्यायची तर डॉक्टरला विचारून निघायच्या आधी द्या, मळमळायला लागल्यावर देऊन उपयोग नाही. आणि बसमध्ये पहिल्या दोन रांगांत बसवा.

शंकासुर

बोटीकडून बुकिंग का बाहेरून, हे राहिलं की.

नाना_पावसाळे

बाहेरून स्वस्त पडतं, बोटीकडून निर्धास्त. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, बाहेरच्याला नाही. सुटायला रात्रीचे आठ असतील तर बाहेरून घ्यायला माझी हरकत नाही, भरपूर वेळ आहे. पण संध्याकाळी चार-पाचला सुटणारी बोट असेल तर मी स्वतः बोटीकडूनच घेतो. बाहेरून घेतलं तर बाबांसाठी चौकशी करा की बस आणि ट्रेन दोन्ही एकाच्याच हातात आहे ना, नाहीतर फ्रेझरला गाडी आपली वाट बघत नाही.

खारे_दाणे

आणि कपडे. जुलै असला तरी थर्मल, रेनकोट आणि कानटोपी. वर बर्फाचे पट्टे असतात. छत्री नको, वारा उलटी करतो.

पोहे_विथ_लिंबू

मंडळी, जाऊन आलो!! वृत्तांत दिल्याशिवाय धागा सोडणं बरं दिसत नाही.

सकाळी बंदरावर धुकं, खारे दाण्यांची आठवण काढली. बस दहा मिनिटं उशिरा सुटली तर बाबांनी घड्याळ बघून 'दहा मिनिटं लेट' असं वहीत लिहिलं, सवय जात नाही. आईला पहिल्या रांगेत बसवलं, आदल्या रात्रीच डॉक्टरला विचारलेली गोळी आणि तोंडात आलेपाक, आणि काहीही झालं नाही. खिंड ओलांडली आणि नाना, अगदी तुम्ही म्हणालात तसं, पडदा बाजूला केल्यासारखं ऊन.

अस्वल एकच दिसलं, तेही पाठमोरं. मुलगा सगळ्यांना सांगतोय की अस्वलाचा पार्श्वभाग पाहिला, शब्द मात्र दुसरा वापरतो. तळ्याला ऊन मिळालं, नवऱ्याने १४३ फोटो काढले, मी मोजले. कारक्रॉसला आमचे तिन्ही फोन एक तास पुढे गेले, धागा वाचलेला असून मी दोन मिनिटं घाबरलेच. बाबांचं किल्लीचं एचएमटी बोटीच्या वेळेवर, शांत. 'म्हणून सांगतो किल्ली द्यावी' एवढंच बोलले.

फ्रेझरहून ट्रेन. उजवीकडे बसलो. बाबा बसले नाहीत, बाल्कनीत उभे. मी मधून मधून शाल द्यायला जात होते. गाडी उताराला लागली तसं त्यांनी दरीकडे बघणं सोडून दिलं आणि डोळे मिटून कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं चक्कर येतेय. म्हटलं बाबा काय होतंय, तर म्हणाले गप, ऐक. वळणावर चाक रुळाला घासून जो करकर आवाज येतो ना, तो ऐकत होते. मग म्हणाले, आमच्याकडे ३७ ला १, इथे २६ ला १, आणि बघ कसा धक्का न देता आणतोय, ड्रायव्हर चांगला आहे. कंडक्टर तिकडून जात होता, त्याला थांबवून त्यांच्या इंग्लिशमध्ये सांगितलं, आय गार्ड, इंडिया, थर्टी सिक्स इयर्स. तो माणूस दहा मिनिटं तिथेच उभा राहिला. ब्रेकबद्दल काय बोलणं झालं मला कळलं नाही, हातवारे बरेच होते.

एका जागी खडकावर काळा क्रॉस दिसतो. १८९८ मध्ये सुरुंग लावताना शंभर टनांचा दगड दोन कामगारांवर पडला, तो हलवलाच नाही, तीच त्यांची कबर. त्या काळात या खिंडीत तीनेक हजार घोडे-खेचरं मेली, त्या दरीला डेड हॉर्स गल्च असंच नाव आहे. ते ऐकल्यावर बाबांनी टोपी काढली. बोर घाटाच्या कामातही किती गेले असतील, म्हणाले, त्यांचा क्रॉसही नाही.

डब्याच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघेवाल्यांनी आधी सांगून ठेवा, ते मदत करतात. अमेरिकेत परत शिरताना पासपोर्ट गाडीतच येऊन बघितले, उतरावं लागलं नाही.

मोरावळा

वा वा, बाबांना नमस्कार सांगा! आणि आईंना काय आवडलं ते लिहिलंच नाहीत.

पोहे_विथ_लिंबू

अगं हो. आईला तुझी ती छोट्या झाडांची दरी. तिथे बस थांबली तर ही खाली वाकून कातळ निरखतेय. म्हणाली, हे बघ, सगळीकडे दगडफूल! खरंच, करडं, हिरवट, काळं, पाय ठेवायला जागा नाही इतकं. वाण्याकडे चिमूटभर मिळतं आणि इथे डोंगर भरलाय, असं दोन-तीनदा म्हणाली. ड्रायव्हरने सांगितलं तोडू नका, फार सावकाश वाढतं. तोडलं नाही तिने. खडकावरून सुटून पडलेला एक तुकडा उचलला, तळहातावर चुरून वास घेतला आणि होता तिथे ठेवून दिला.

उंडगा_गणू

मग? आला का गोड्या मसाल्याचा वास?

पोहे_विथ_लिंबू

नाही म्हणाली. तेलात परतल्याशिवाय कसा येईल.